पागडी, डिपॉझिट आणि अकरा महिने : मुंबईतील भाड्याच्या घरांचा आढावा

मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत आणि दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला वर्ग पागडीच्या भाडेकरूंचा. गिरगाव, लालबाग, भायखळा, दादर या भागांतील जुन्या इमारतींत ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, अनेकदा महिन्याला शे-दोनशे रुपयेच भाडे भरतात आणि त्यांना उठवणे मालकाला जवळजवळ अशक्य असते. दुसरा वर्ग ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्यांचा. हे बाजारभावाने भाडे भरतात, दर ११ महिन्यांनी करार नवा करतात आणि मालकाने पुढे नाही म्हटले की सामान बांधतात. कधी कधी हे दोघे एकाच इमारतीत शेजारी शेजारी असतात. माफक भाड्याचे आणि पाच-दहा वर्षे निश्चिंत राहता येईल असे घर या दोन टोकांच्या मध्ये असायला हवे. मुंबईत नेमके तेच मिळत नाही, आणि हे कसे घडले हे समजायला शहराच्या भाड्याचा इतिहास पाहावा लागतो.

मुंबई मुळात भाडेकरूंचेच शहर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या उभ्या राहिल्या, तशी कोकणातून आणि घाटावरून माणसे येऊ लागली आणि त्यांच्यासाठी चाळी बांधल्या गेल्या. साधारण दहा बाय बाराची खोली, समोर सामाईक गॅलरी, मजल्याच्या टोकाला नळ आणि संडास. एका खोलीत एक कुटुंब आणि त्याचे पोटभाडेकरू राहत. दिवसपाळी आणि रात्रपाळीचे कामगार आळीपाळीने त्याच जागेवर झोपत. ज्याला एवढेही परवडत नसे, तो गावाच्या खोलीवर राही. कोकणातील अनेक गावांनी गिरणगावात सामाईक खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. गावच्या माणसाने महिन्याची ठरलेली वर्गणी द्यायची, आपली ट्रंक भिंतीला लावायची आणि वळकटी पसरण्यापुरती जागा वापरायची. जेवणाची सोय जवळच्या खाणावळीत होई. गोव्यातील गावांनीही धोबीतलाव आणि आसपासच्या भागांत अशाच ‘कुडी’ चालवल्या. बोटीवर नोकरी करणारे खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत तेथे राहत, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना करण्याचा नियम असे. या दोन्ही ठिकाणी दलाल नव्हता, डिपॉझिट नव्हते, गावची ओळख हाच जामीन होता. बाजाराबाहेरची ही सोय इतकी टिकाऊ ठरली, की गोव्याच्या काही कुडी अजूनही चालू आहेत.

१८९६ च्या प्लेगने दाटीवाटीच्या वस्त्यांचा धोका सरकारच्या लक्षात आणून दिला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, नवे रस्ते आखले गेले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती उभ्या राहिल्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. प्रत्येकी ८० खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. याच बीडीडी चाळी. पुढच्या दशकात हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह येथे मध्यमवर्गासाठी आणि श्रीमंतांसाठी ज्या इमारती झाल्या, त्यांतील बहुतेक जागाही भाड्यासाठीच होत्या. तेव्हा पैसेवाला माणूस इमारत बांधायचा ती भाड्याच्या उत्पन्नासाठी. ब्लॉक विकत घेण्याची पद्धत अजून रुळायची होती.

दुसऱ्या महायुद्धात आणि फाळणीनंतर शहरात माणसांचा लोंढा आला आणि भाडी भडकली. भाडेनियंत्रण मुंबईला नवे नव्हते, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस १९१८ मध्येही तसा कायदा झाला होता. पण १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचा परिणाम फार खोल झाला. त्याने प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळत पन्नास वर्षे चालला. त्या काळात भाडेकरूला खरेच संरक्षण मिळाले. गिरणी कामगाराला, कारकुनाला, शिक्षकाला शहराच्या मध्यभागी राहता आले, मुलांना तेथेच शाळा मिळाल्या, आणि मुंबईचे मराठी नाटक, कामगार चळवळ, गणेशोत्सव हे सारे या स्वस्त खोल्यांच्या आधाराने वाढले. भाडेनियंत्रणावर टीका करणाऱ्यांनी ही बाजू सहसा हिशेबात घेतलेली नाही.

त्याची किंमतही तितकीच मोठी होती. भाड्यातून रंगरंगोटीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडली. नव्या इमारती भाड्यासाठी बांधणे बंद झाले. भांडवल मालकीच्या फ्लॅटकडे वळले आणि १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा व १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा यांनी त्या व्यवहाराला चौकट दिली. गोठलेले भाडे आणि खरा भाव यांतला फरक पागडीच्या रूपाने रोखीत वसूल होऊ लागला. जागा सोडणारा नव्या भाडेकरूकडून मोठी रक्कम घेई, तिच्यातील साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक मालकाला जाई आणि पावती नव्या नावाने बने. हा व्यवहार बेकायदा असूनही सर्रास चालत असे. त्यातच १९७३ मध्ये भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ‘लायसन्स’वर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. भाड्याने दिलेली जागा परत मिळणार नाही ही धास्ती मुंबईकर घरमालकाच्या मनात तेव्हापासून घर करून बसली. रिकामा फ्लॅट कुलूपबंद ठेवण्याची सवय त्या धास्तीतूनच आली.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले प्रमाण भाडे अन्यायकारक ठरवले, मात्र कायद्याची मुदत संपत आली असल्याने तो लगेच रद्द केला नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने कायम ठेवले, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडीला कायदेशीर मान्यता दिली. शंभर रुपये भाड्यावर ४ टक्के म्हणजे चार रुपये; त्यातून इमारतीचा जिना दुरुस्त होत नाही.

दुरुस्तीचा भार त्याआधीच शासनाने उचलला होता. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या कितीतरी पडल्या, काहींचा पुनर्विकास झाला, तरी हजारो इमारती अजून टेकूंवर उभ्या आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि दर वर्षी रहिवासी घर सोडायला तयार नसतात. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे दहा-वीस वर्षे तेथेच अडकल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे, पण पावती आणि ताबा याशिवाय हक्काचा दुसरा पुरावा त्यांच्याकडे नसतो.

भाड्याच्या घरांचा ऱ्हास देशभर झाला. शहरी भारतात भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. त्याच २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली, देशातील कोणत्याही शहरापेक्षा जास्त. घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच शहरात असण्याचे कारण साध्या गणितात सापडते. दीड कोटींचा फ्लॅट महिन्याला ४० हजार भाड्याने गेला, तर वर्षाचे उत्पन्न ४ लाख ८० हजार, म्हणजे जेमतेम ३.२ टक्के. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि रंगकाम वजा होते. गुंतवणूकदाराला खरा नफा हवा असतो तो जागेच्या वाढत्या किमतीतून, आणि त्यासाठी भाडेकरूची गरज नसते. म्हणूनच केवळ इमारती वाढल्या की भाडी उतरतील, हा तर्क मुंबईत टिकत नाही.

आजचा भाड्याचा बाजार ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर चालतो. या करारात राहणाऱ्याला जागा वापरण्याची परवानगी मिळते, जागेत भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट शुल्क मागू शकतो. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोटरीचा शिक्का मारलेला कागद नोंदणीची जागा घेऊ शकत नाही. त्याचा फटका पुढे बसतो: शिक्षण हक्काखालील प्रवेशासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार दिला, तर तो नोंदणीकृतच लागतो.

अकरा महिन्यांची मुदत मात्र कायद्याने लादलेली नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे आणि ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची वहिवाट पडली. महाराष्ट्रात प्रत्येक करार नोंदवावाच लागत असल्याने ते कारण आता उरलेले नाही. मुद्रांकाचे नियमही ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना लागू आहेत. तरीही अकरा महिने टिकले आहेत, कारण प्रत्येक नूतनीकरणाला भाडे ५ ते १० टक्क्यांनी वाढवता येते आणि बहुतेक दलालांना पुन्हा काहीतरी मिळते. ज्यांना एका जागी राहायचे आहे त्यांनी तीन वर्षांचा करार मागावा आणि भाडेवाढीचा टक्का त्यातच लिहून घ्यावा. मालक अनेकदा तयार होतात, फक्त कोणी विचारत नाही.

खर्चाचा हिशेब एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. महिना ३० हजार भाडे आणि एक लाख डिपॉझिट असलेला वन बीएचके घेतला, तर पहिल्याच आठवड्यात डिपॉझिट १ लाख, पहिल्या महिन्याचे भाडे ३० हजार आणि दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे आणखी ३० हजार लागतात. मुद्रांक शुल्क एकूण भाडे व डिपॉझिटवरील १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. अकरा महिन्यांसाठी ते साडेआठशे रुपयांच्या आसपास जाते, आणि नोंदणी शुल्क १ हजार. टेम्पो, हमाल, सोसायटीचे ‘शिफ्टिंग चार्जेस’ धरले की रक्कम पावणेदोन लाखांच्या घरात पोचते. दोघे मिळून महिना ७० हजार मिळवणाऱ्या जोडप्याची ही अडीच महिन्यांची कमाई झाली, आणि पुढे दर महिन्याला मिळकतीतले ४३ टक्के भाड्यात जाणार. या हिशेबात सरकारी शुल्काचा वाटा नगण्य आहे. खरे ओझे डिपॉझिट आणि दलालीचे आहे.

ज्यांच्याकडे एकरकमी पैसा आहे पण मासिक उत्पन्न तोकडे आहे, त्यांच्यासाठी ‘हेवी डिपॉझिट’ हा प्रकार चालतो: काही लाख रुपये मालकाकडे ठेवायचे आणि भाडे नाममात्र द्यायचे किंवा अजिबात द्यायचे नाही. निवृत्तीची रक्कम किंवा गावची जमीन विकून आलेला पैसा अशा व्यवहारात गुंतवला जातो. मालकावर बँकेचे कर्ज थकलेले असेल, तर जप्तीच्या वेळी ही रक्कम बुडण्याचा धोका असतो. त्यामुळे असा करार नोंदवल्याशिवाय आणि रक्कम बँकेतून वळती केल्याशिवाय करू नये.

घर शोधण्याचे मार्ग बदलले तरी दलाल टिकून आहे. मॅजिकब्रिक्स, नोब्रोकर यांसारख्या संकेतस्थळांवर जाहिराती दिसतात, पण किल्ली बहुतेक वेळा दलालाकडेच असते. कोणत्या इमारतीत पाणी किती वाजता येते, कोणता मालक डिपॉझिट परत करताना घासाघीस करतो, हे त्यालाच ठाऊक असते. २०१६ च्या रेरा कायद्याखालील एजंटांची नोंदणी घरांच्या विक्रीपुरती आहे, भाड्याचे दलाल तिच्या कक्षेबाहेर राहतात. जागा प्रत्यक्ष न दाखवताच ऑनलाइन टोकन मागणाऱ्यांकडून फसवणूक होते, ती याच मोकळ्या जागेत. घर पाहताना विजेचा मीटर स्वतंत्र आहे का, पाणी पालिकेचे की टँकरचे, लॉक-इन किती महिन्यांचे, नोटीस किती दिवसांची आणि रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, एवढे तरी आधी स्पष्ट करून घ्यावे लागते.

मालक पटला तरी सोसायटीचा अडसर उरतो. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क आकारते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असा राज्य शासनाचा आदेश २००१ पासून आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे मुंबईत बंधनकारक आहे आणि ते काम मालकाचे आहे. हे नियम स्पष्ट असूनही अनेक सोसायट्यांमध्ये ‘एनओसी’च्या नावाखाली भाडेकरूची मुलाखत होते आणि तेथेच खरी गाळणी लागते. एकटा तरुण नको, एकटी बाई नको, विद्यार्थी नकोत, मांसाहारी नको. मुसलमान कुटुंबाला तर नाव सांगितल्यावर ‘जागा गेली’ असेच उत्तर मिळते. आडनावावरून जात ओळखून नकार देणारेही कमी नाहीत. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या अभ्यासात घर मागणाऱ्या दलित आणि मुस्लिमांना उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत कितीतरी जास्त नकार मिळाल्याचे दिसले. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत पसरली तेव्हा राज्यभर संताप झाला. तो रास्त होता. तोच संताप इतरांना नकार मिळताना दिसत नाही, ही गोष्ट मराठी समाजाने मनावर घ्यायला हवी. खासगी घर भाड्याने देताना धर्म, जात वा आहारावरून केलेल्या भेदभावाला थेट शिक्षा करणारा कायदा आजही नाही.

भाडे परवडत नाही तेव्हा माणूस तीनपैकी एक तडजोड करतो. पहिली अंतराची. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटरवर आहे आणि सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटरवर; रेल्वेचा मासिक पास स्वस्त असल्याने घरभाड्यात वाचलेला पैसा प्रवासात जात नाही. जातो तो वेळ. रोजचे तीन-साडेतीन तास लोकलमध्ये गेले, की त्याचा सर्वाधिक भार नोकरी करणाऱ्या बाईवर पडतो, कारण दोन्ही टोकांची घरची कामे तिच्याच वाट्याला असतात. दुसरी तडजोड जागेची: पीजी, कॉट बेसिस, चौघांत एक वन बीएचके. तिसरी सुरक्षिततेची. २०११ मध्ये मुंबईची ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत होती आणि तिच्यातील मोठा भाग भाड्याने राहतो. धारावी, मालवणी, गोवंडी येथे खाली मालक आणि लोखंडी शिडीने चढायचा वरचा माळा भाडेकरूचा, ही नेहमीची रचना आहे. कागद क्वचितच होतो. पुनर्वसनाच्या पात्रता यादीत भाडेकरूचे नाव लागू नये म्हणून मालक त्याला फार काळ एका जागी टिकू देत नाही. शहरातील सर्वात असुरक्षित भाडेकरू हाच, आणि त्याची नोंद कोठेच नाही.

गेल्या काही वर्षांत भाडी वाढण्यामागे पुनर्विकासाचाही हात आहे. एखाद्या सोसायटीची इमारत पाडायला घेतली, की चाळीस-पन्नास कुटुंबे एकाच वेळी, त्याच परिसरात, त्याच आकाराचे घर शोधू लागतात. मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचे डॉक्टर यांमुळे कोणाला लांब जायचे नसते. त्यांचे भाडे विकासक देतो, त्यामुळे मालक भाव चढवतात आणि खिशातून भाडे भरणारा नोकरदार त्या भागातून बाहेर फेकला जातो. प्रकल्प रखडला आणि विकासकाचे भाडे थांबले, की तीच कुटुंबे हवालदिल होतात.

शासनाने उपाय केले, पण ते टिकले नाहीत. २००८ मध्ये एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. खासगी विकासकाला चार चटई क्षेत्र निर्देशांक द्यायचा आणि त्या बदल्यात १६० चौरस फुटांची घरे घेऊन ती अल्प उत्पन्न गटाला भाड्याने द्यायची, अशी कल्पना होती. पुढे योजनेचे स्वरूपच बदलले आणि त्या घरांतील बराच हिस्सा गिरणी कामगारांना मालकीने देण्याकडे वळला. टाळेबंदीत मजुरांचे तांडे गावाकडे चालत निघाले, तेव्हा केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना जाहीर केली. २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित केले आहे आणि वादांसाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण सुचवले आहे. हा आदर्श मसुदा असल्याने तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्राचा कारभार १९९९ च्याच कायद्यावर चालतो. पागडीच्या लाखो भाडेकरूंना धक्का न लावता डिपॉझिटची मर्यादा आणि किमान तीन वर्षांचा करार नव्या भाडेकरूंसाठी वेगळ्या कायद्याने आणता येईल. दोन्ही प्रश्न एकाच कायद्यात गुंफल्यामुळेच प्रत्येक सुधारणा अडते.

दरम्यान बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे आणि पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मालकीने मिळत आहेत. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत काढलेल्या कुटुंबांचा तो हक्कच आहे. मात्र सरकारी मालकीच्या भाड्याच्या घरांचा शहरातील एक मोठा साठा त्याबरोबर संपतो आहे. त्याच्या जागी, आज गावाकडून मुंबईत कामाला येणाऱ्यासाठी, शासनाने भाड्याची घरे बांधून ती स्वतःच्या मालकीत ठेवली पाहिजेत, आणि ती पुढे विकता येणार नाहीत अशी तरतूद कायद्यातच केली पाहिजे.